लोकलचा फलाट, नको असलेला विचार आणि रात्रभर चाललेला शोध

भांडुपचा एक २६ वर्षांचा तरुण जवळजवळ सात महिने एकाच भीतीखाली जगत होता: आपण एक दिवस कुणातरी अनोळखी माणसाला लोकलसमोर ढकलून देऊ. त्याने कुणाला ढकललं नाही, ढकलणारही नव्हता. या सात महिन्यांत त्याने स्वतःच्या मनाबद्दल फोनवर अफाट वाचलं. त्यातलं पुष्कळसं बरोबर होतं. तरीही आजार वाढत गेला, आणि तो वाढण्यात या वाचनाचा मोठा हात होता. बरोबर माहिती मिळूनही माणूस अधिक आजारी कसा पडतो, हे या प्रकरणात इतकं उघड दिसतं की ते सविस्तर लिहायला हवं असं मला वाटलं.

मी दादर-परळ भागात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. हे लिहिण्याला त्याची आणि त्याच्या आईची लेखी संमती आहे, दोघांनी मसुदा वाचला आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव मुद्दाम घेतलेलं नाही.

सुरुवात

तो बी.कॉम. आहे, लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये काम करतो. रोज भांडुपहून स्लो लोकल, करी रोडला उतरायचं, तिथून चालत ऑफिस. घरी तो आणि आई. वडील गेले. ताई लग्न होऊन मुलुंडला. कुटुंब मूळचं सिंधुदुर्गातलं. भांडुपचं घर दोन खोल्यांचं, त्यामुळे एकांत म्हणजे पांघरुणातला फोन, एवढाच.

एका रात्री स्क्रोल करताना परदेशातल्या कुठल्याशा मेट्रो स्थानकातला व्हिडिओ त्याच्यासमोर आला. एका माणसाने दुसऱ्याला रुळांवर ढकललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडुपला गाडी फलाटात शिरत असताना त्याच्यापुढे दप्तर अडकवलेली एक शाळकरी मुलगी उभी होती आणि त्याच्या मनात आलं: आत्ता हिला ढकललं तर? तो दचकून मागे सरला, ती गाडी त्याने सोडली.

असा विचार मनात येणं हा आजार नाही. १९७८ साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी कुठलाही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा सुमारे ८० टक्क्यांनी सांगितलं की नको असलेले, भलतेसलते, कधी हिंसक विचार आपल्याही मनात येतात. २०१४ मध्ये १३ देशांतल्या विद्यार्थ्यांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. गॅलरीत उभं असताना उडी मारावीशी वाटणं, हातात सुरी असताना समोरच्याला लागली तर असं वाटून जाणं, देवघरात शिवी आठवणं: बहुतेकांना येतं आणि जातं. आपण मान झटकतो, पुढे जातो.

त्याने मान झटकली नाही. त्याने स्वतःला विचारलं, ‘हा विचार मला आलाच कसा?’ आणि उत्तर दिलं, ‘म्हणजे माझ्या आत कुठेतरी ते करायची इच्छा आहे.’ ओसीडीची, म्हणजे नकोसे विचार पुन्हापुन्हा येण्याच्या आणि ते शमवायला तीच ती कृती करत राहण्याच्या आजाराची, सुरुवात बहुतेक वेळा या दुसऱ्या पायरीवर होते. मानसशास्त्रज्ञ पॉल साल्कोव्स्किस यांनी १९८५ साली हे नीट मांडलं: विचाराला मिळणारा अर्थ आणि त्यातून डोक्यावर बसणारी जबाबदारी माणसाला अडकवते. आपण विचार केला म्हणजे निम्मं केलंच, आणि आता ते घडू नये याची सगळी जबाबदारी आपलीच, असं त्याला वाटू लागलं.

मग बंदोबस्त सुरू झाला. फलाटावर तो पुलाच्या खांबाला पाठ लावून उभा राहायचा. दोन्ही हात बॅगेच्या पट्ट्यांत अडकवायचा. पुढे बाई किंवा मूल असेल तर गाडी सोडायची. मुंबईत आणखी एक अडचण, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही: इथे गर्दीच्या वेळी चढताना सगळेच एकमेकांना ढकलतात. त्यामुळे दारातल्या प्रत्येक धक्क्यानंतर त्याची चौकशी चालू व्हायची. आपल्या धक्क्याने कुणी खाली तर नाही ना गेलं? सीटवर बसून तो एम-इंडिकेटर या लोकलच्या ॲपवरचं प्रवाशांचं ट्रेन चॅट उघडायचा. ‘गाडी का थांबली’ असं कुणी लिहिलेलं दिसलं की हातपाय गार. करी रोडला उतरेपर्यंत बातम्यांची संकेतस्थळं चाळून व्हायची. रात्री पुन्हा: भांडुप, रेल्वे, अपघात, आज.

शेवटी त्याने लोकल सोडली. बस बदलत बदलत ऑफिस गाठायचा. लेट मार्क साठत गेले.

फोनमधलं जग

तो शोधत काय होता, हे मी त्याच्याकडून बारकाईने समजून घेतलं.

पहिल्या रात्री त्याने शोधपट्टीत लिहिलं होतं की मला लोकांना ट्रेनखाली ढकलावंसं वाटतं. यंत्राने दिलेल्या शब्दांनुसार उत्तरं आणली: सायकोपॅथ कसा ओळखावा, स्किझोफ्रेनियाची लक्षणं, खुनाच्या बातम्या. त्याला ढकलायचं नव्हतं, ढकलू अशी भीती होती. समोर बसलेला माणूस त्याच्या चेहऱ्यावरून हा फरक पहिल्या मिनिटात ओळखतो. शोधपट्टीला चेहरा दिसत नाही.

ओसीडी हा शब्द त्याला माहीत होता. पण रील्समधला ओसीडी म्हणजे रंगांप्रमाणे लावलेलं कपाट, एका रेषेत ठेवलेली पेनं आणि ‘मला बाई फार ओसीडी आहे’ असं हसत सांगणारी मुलगी. आपल्याकडे तर मंत्रचळ म्हटलं की पुन्हापुन्हा हात धुणारी आत्याच डोळ्यांसमोर येते. तो हात धूत नव्हता, त्याचं कपाट अस्ताव्यस्त. मग आपल्याला ओसीडी कसा असेल? याचा मला मनापासून राग येतो. कुणी गंमत केली म्हणून नाही. एका आजाराचं एकच सोज्वळ रूप लोकांसमोर येत राहिल्यामुळे हिंसेचे, लैंगिक, धर्माविषयीचे नकोसे विचार येणारी माणसं स्वतःला रुग्ण न समजता गुन्हेगार समजत राहतात, म्हणून. इतर आजारांचीही गत फारशी वेगळी नाही. २०२२ मध्ये कॅनडात एडीएचडीवरचे (लक्ष एकाग्र न होण्याचा, अतिचंचलतेचा विकार) टिकटॉकवरचे सर्वाधिक पाहिले गेलेले १०० व्हिडिओ तपासले, त्यांतले ५२ दिशाभूल करणारे निघाले. आपल्याकडे टिकटॉकवर २०२० पासून बंदी आहे, पण तसेच व्हिडिओ दुसऱ्या ॲपवर मिळतात.

दुसऱ्या महिन्यात त्याने नाव न देता एका इंग्रजी चर्चागटावर प्रश्न टाकला. तीन तऱ्हेची उत्तरं आली. एकाने लिहिलं, तू धोकादायक आहेस, लगेच पोलिसांकडे जा. चारपाच जणांनी लिहिलं, मलाही अगदी असंच होतं, तू एकटा नाहीस. आणि एकाने लिहिलं की याला हार्म ओसीडी, म्हणजे आपल्या हातून कुणाला इजा होईल या भीतीचा ओसीडी, म्हणतात, उपचार आहेत, थेरपिस्ट गाठ.

पहिल्या उत्तराने तो आठवडाभर जेवला नाही. तिसरं उत्तर सोन्यासारखं होतं. त्या अनोळखी माणसाने त्याला आजाराचं नाव दिलं, आणि नाव मिळालं म्हणूनच पुढे कधीतरी त्याला ताईसमोर तोंड उघडता आलं. ऑनलाइन बोलणं सगळं वाईट, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

पण ते कळल्यावर तो डॉक्टरकडे गेला नाही, परत फोनकडेच गेला. आता प्रश्न बदलला होता: मला खरंच ओसीडीच आहे ना? की मी खरा खुनी आहे आणि ओसीडीच्या नावाआड लपतोय? एका लेखात वाचलं की ओसीडीवाल्याला अशा विचाराने प्रचंड घाबरायला होतं. एके दिवशी थकल्यामुळे तो विचार येऊनही घाबरला नाही, तर त्याचीच भीती बसली. घाबरलो नाही, म्हणजे मी खरा खुनी. मग मुद्दाम विचार आणून स्वतःची छाती धडधडते का ते तपासायचं. ‘मलाही असंच होतं’ असं लिहिणाऱ्यांच्या अनुभवाशी आपला अनुभव ओळीओळीने ताडून पाहायचा, एक ओळ जुळली नाही की पहाटेपर्यंत जागायचं.

शेवटी चॅटबॉट सापडला. तो कधी झोपत नाही, कंटाळत नाही, ‘कालच तर सांगितलं’ असं म्हणत नाही. त्याची उत्तरं मी नंतर पाहिली. बहुतेक सौम्य आणि वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होती. पण एकाच रात्रीत तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी वेळा विचारलेला होता. खरूज खाजवल्यावर घटकाभर बरं वाटतं आणि मग ती दुप्पट खाजते, तसं प्रत्येक उत्तराने दहा मिनिटं सुटका व्हायची आणि पुढची शंका आधीपेक्षा टोकदार यायची. हात धुणाऱ्याचं जे साबण-पाणी, तेच याचं शोधणं होतं. उत्तर चूक की बरोबर, याने तिथे काही फरक पडत नव्हता.

दार उघडलं तेव्हा

बस, लेट मार्क, उतरलेला चेहरा पाहून ताईने त्याला एका रविवारी मुलुंडला बोलावलं आणि विचारलं. तो तासभर रडला आणि बोलला. तिने फॅमिली डॉक्टरांना विचारून त्याला महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत नेलं. तिथल्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं आणि थेरपीसाठी माझ्याकडे पाठवलं.

पहिल्या भेटीत तो दाराजवळच्या खुर्चीत बसला. पहिला प्रश्न: “मॅडम, मी सगळं सांगितलं तर तुम्हाला पोलिसांना कळवावं लागेल का?” हेही त्याने वाचलेलं होतं. रुग्णापासून दुसऱ्याला धोका असेल तर त्याच्या संरक्षणाची जबाबदारी थेरपिस्टवर येते, असा निकाल कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये दिला होता. इंग्रजीतले बरेच लेख तिथल्या कायद्यावर बेतलेले असतात, आणि भांडुपमधला वाचक तो आपलाच कायदा समजून गप्प बसतो. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ प्रमाणे रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. दुसऱ्याला खरोखर इजा होण्याचा धोका असेल तर अपवाद आहे. नकोसा विचार येणं आणि धोका असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्याला सांगितलं, आणि मग रीतसर तपासलं.

आवाज ऐकू येतात का? नाही. हे करायला कुणी बाहेरून भाग पाडतंय असं वाटतं? नाही. बेत, राग, सूड, आधी कधी मारामारी? नाही. विचार आला की काय होतं? किळस, घाम, पळून जावंसं वाटतं. हा विचार तुला पटतो का? “मला पटला असता तर मी तुमच्याकडे आलो असतो का?” हिंसेचा बेत असलेला माणूस आपल्या मनातल्या हिंसेपासून असा पळत नाही. मी आत्महत्येबद्दलही स्पष्ट विचारलं. कुणाला इजा करण्यापेक्षा आपणच नसावं, असं मनात येऊन गेल्याचं त्याने सांगितलं. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे ताई आणि आई यांच्यासह सुरक्षिततेची आखणी केली, रात्री कुणाला उठवायचं हे ठरवलं, आणि टेली-मानस या २४ तास चालणाऱ्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये वरती ठेवला. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येतं.

ओसीडीची तीव्रता मोजायला येल-ब्राउन ही ४० गुणांची मोजपट्टी वापरतात. त्याचे २८ आले, म्हणजे तीव्र.

आई

औषध सर्ट्रालीन होतं, नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातलं. ओसीडीत या गटातली औषधं बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त डोसमध्ये लागतात आणि परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. हे आधी सांगितलं नाही तर लोक तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडतात. त्याच्याही फोनवर ‘या गोळ्यांची सवय लागते’ असे व्हिडिओ येत होते. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून शंका विचारू दिल्या, आणि तो प्रश्न तिथेच संपला.

खरी अवघड जागा घरात होती. आईला सगळं कळल्यापासून तो तिला दिवसातून कितीतरी वेळा विचारायचा, “आई, मी कुणाला काही करणार नाही ना?” आणि ती दर वेळी त्याचा चेहरा ओंजळीत धरून म्हणायची, “अरे, मुंगीला पाय लावत नाहीस तू, तू कुणाला ढकलणार?” तिने गावच्या देवळात कौल लावला होता, गाऱ्हाणं घातलं होतं. ताईच्या सासूबाईंनी नामजप सांगितला होता. देवाचं नाव घेण्यात काहीच वावगं नाही, पण याचा जप मध्येच वाईट विचार आला की पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि १०८ कधीच पुरे व्हायचे नाहीत. व्हॉट्सॲपवर नातेवाईक लिहायचे, नकारात्मक विचार मनात आणूच नकोस. त्याला तेवढंच जमत नव्हतं, आणि तसा प्रयत्न केला की विचार जास्त यायचे.

आईला मी सांगितलं की तुमचं प्रेमाचं उत्तर आणि चॅटबॉटचं उत्तर आजाराच्या दृष्टीने एकच आहे. ती माझ्यावर चिडली. “मॅडम, पोर रडत असताना मी गप्प बसू?” चिडणं रास्त होतं. कुठल्याही आईला हे क्रूरच वाटेल. गप्प बसू नका, एवढंच मी म्हटलं, आणि आम्ही तिघांनी मिळून एक वाक्य ठरवलं: “हा आजाराचा प्रश्न आहे. मी याचं उत्तर देणार नाही, पण मी तुझ्याजवळ बसते.” पहिल्या रात्री ती हे म्हणाली आणि दोघंही रडत बसले, असं ताईने सांगितलं. पुढच्या आठवड्यात प्रश्न वाढले. मग कमी होऊ लागले. या उपचारात सगळ्यात कष्टाचं काम त्या बाईने केलं, असं माझं मत आहे.

फलाटावर

थेरपीची पद्धत जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये लंडनमध्ये तिची पहिली यशस्वी उदाहरणं प्रसिद्ध केली: भीतीच्या जागी जायचं, आणि भीती शमवण्यासाठी एरवी जे करतो ते करायचं नाही. आज तिला ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणतात.

आधी वहीत तो विचार सरळ शब्दांत लिहायचा, मग स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ऐकायचा. नंतर दुपारच्या वेळी भांडुपच्या फलाटावर बाकावर बसायचं. मग उभं राहायचं, खांबाला न टेकता, पिवळ्या पट्टीच्या मागे, इतर प्रवासी उभे राहतात तिथेच. मग हात मोकळे. मग पुढे कुणीतरी उभं असताना. सुरक्षिततेचे नियम सगळ्यांना लागू ते त्यालाही, एवढी एक अट मी पहिल्यापासून ठेवली होती.

दादरला गर्दीच्या वेळी मी त्याच्याबरोबर गेले. त्याच्या पुढे एक आजोबा उभे होते. त्याचा श्वास मला ऐकू येत होता. “आता काय म्हणतंय मन?” मी विचारलं. “म्हणतंय, तू ढकलणार.” “बरं. आणि?” “काही नाही. उभा आहे.” आजोबांनी वळून त्याला विचारलं, ही स्लो आहे का? त्याने इंडिकेटर पाहून उत्तर दिलं. गाडी आली, आजोबा चढले, लोटालोटीत त्याचा हात त्यांच्या पाठीला लागला, आणि तो चढला. खरी परीक्षा त्यानंतर होती: खिशातला फोन काढून चॅट पाहायचं नाही.

फोनवरचा उपचार फलाटापेक्षा लांबला. फलाट दिवसातून दोनदाच भेटतो, फोन सदैव हातात. बातम्यांचे शोध बंद, ट्रेन चॅट बंद, चर्चागट बंद, चॅटबॉटला या विषयावर विचारणं बंद. गाडीचं वेळापत्रक पाहायला एम-इंडिकेटर चालेल. शोधायची उबळ आली तर आधी पंधरा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास, मग दुसऱ्या दिवसापर्यंत. त्या वेळात मन शांत करायचा प्रयत्नही करायचा नाही. ‘कदाचित मी ढकलीनही, मला खात्री नाही’ या वाक्यासह भांडी घासायची, चहा टाकायचा. खात्री न मिळताही दिवस पार पडतो, हे त्याला कुठल्याच लेखातून कळणार नव्हतं.

सहाव्या महिन्यात मोजपट्टीवर १२ आले. तो लोकलने जातो. विचार अजून येतो, विशेषतः झोप कमी झाली की. औषध चालू आहे, ते कधी कमी करायचं हे डॉक्टर ठरवतील.

नंतरचं

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपर्यंत पोहोचलेलेच नव्हते. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं, त्यांत महाराष्ट्र नव्हता. मुंबईत केईएम, नायर, सायन, जे.जे. या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहेत, पण ‘मला माणूस ढकलायचा विचार येतो’ हे केस पेपर काढायच्या खिडकीपर्यंत घेऊन जायला आधी ते कुठेतरी मराठीत वाचलेलं असावं लागतं.

म्हणून त्याने स्वतःचा अनुभव नाव न देता मराठीत लिहायचं ठरवलं. माझं मत विचारलं, मी दोनच गोष्टी सुचवल्या: आपले विचार जसे होते तसे लिही, सौम्य करू नकोस, आणि लक्षणांची यादी देऊ नकोस, लोक ती स्वतःशी ताडत बसतात. त्याने तसंच केलं.

आता त्याला निरोप येतात. कल्याणहून, साताऱ्याहून, एक दुबईहून. जवळजवळ प्रत्येकात शेवटी तोच प्रश्न असतो: दादा, मी तसा नाही ना? सुरुवातीला त्याचा हात लगेच ‘नाही रे’ लिहायला जायचा. आता तो लिहितो की हा प्रश्न मीही खूप वेळा विचारला आहे आणि याचं उत्तर मी देणार नाही. पुढे १४४१६ हा क्रमांक देतो, जवळच्या सरकारी रुग्णालयाची मानसोपचार ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून घे असं सांगतो, आणि घरातल्या एका माणसाला आजच सांग, असं लिहितो. काही जण रागावून निघून जातात. कल्याणचा मुलगा गेल्या महिन्यात त्याच्या बाबांबरोबर ओपीडीत जाऊन आला.